पार्श्वसंगीतातील उसनवारी आणि प्रताधिकार: चाल घेण्यापूर्वी काय पाहावे, कशी नोंद ठेवावी

जुन्या संगीत नाटकाचे छापील पुस्तक उघडले, की पदापदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ हा शब्द आणि त्यापुढे मूळ गाण्याचे पहिले तीन-चार शब्द दिसतात. हे पद कोणत्या कानडी पदाच्या, ठुमरीच्या किंवा लावणीच्या चालीवर म्हणायचे, ते नटाला आणि वाचकाला तिथेच कळत असे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘शाकुंतला’त कीर्तनातल्या साक्या-दिंड्या आल्या आणि कानडी चालीही आल्या. आमच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची पदेही अशाच रुळलेल्या चालींवर बांधलेली आहेत. १९१६ सालच्या ‘स्वयंवरा’साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचे साचे घेऊन पदांना रूप दिले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभे केले, तिथल्या परंपरेत उसनी चाल ही लपवण्याची गोष्ट नव्हती. ती सांगून घेतली जात होती.

आजच्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात उसनवारी तेव्हाइतकीच आहे, पण पदाच्या डोक्यावरची ती कंसातली ओळ मात्र नाहीशी झाली आहे. गेली काही वर्षे सांगली-मिरजेत लघुपट, माहितीपट आणि छोट्या चित्रपटांना पार्श्वसंगीत देताना, आणि शिकायला येणाऱ्या मुलांचे काम ऐकताना, मला वाटू लागले आहे की बहुतेक भांडणांचे मूळ उसनवारीत नसून नोंद न ठेवलेल्या उसनवारीत आहे. म्हणून या लेखात ती कंसातली ओळ पुन्हा लिहिण्याची पद्धत, कामाच्या क्रमाने, मांडली आहे. कायद्याचे संदर्भ १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचे आणि त्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीचे आहेत. प्रत्यक्ष वाद उभा राहिला, तर या विषयातल्या वकिलाचा सल्ला घ्यावाच.

पहिली पायरी: एका गाण्याचे थर सोडवून घ्या

‘हे गाणे वापरता येईल का?’ हा प्रश्न जसाच्या तसा सुटत नाही, कारण ज्याला आपण एक गाणे म्हणतो त्यात निदान चार वेगळ्या मालमत्ता एकमेकींवर रचलेल्या असतात. शब्द ही साहित्यकृती आहे आणि तिचा कर्ता कवी आहे. चाल ही संगीतकृती आहे आणि तिचा कर्ता संगीतकार. कायद्याच्या आजच्या व्याख्येप्रमाणे संगीतकाराने चाल स्वरलिपीत लिहून ठेवली असो वा नसो, तोच तिचा कर्ता ठरतो. ती चाल गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो, आणि त्याचे जे ध्वनिमुद्रण झाले त्याचा मालक सामान्यतः ते करवून घेणारा निर्माता किंवा कंपनी असते. या चारही थरांची मुदत वेगळी, मालक वेगळे आणि परवानगीही वेगळी.

या थरांच्या खाली एक पाया आहे आणि तो कोणाचाच नाही. राग, ताल, ठेका, आरोह-अवरोह, रागाची पकड, स्वरसंगतींचा रुळलेला क्रम, लय, वाद्याचा पोत, ‘करुण’ किंवा ‘भीतिदायक’ वाटण्याची शैली यांवर कोणालाही मालकी सांगता येत नाही. कल्पनेला संरक्षण नाही, तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीला आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद प्रकरणात एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या संदर्भात मांडले, आणि संगीताच्या वादांतही तेच लागू केले जाते.

रेघ नेमकी कुठे पडते ते स्वरांतच पाहू. भीमपलासात कोमल निषादावरून षड्ज, कोमल गंधार, मध्यम असे चढत जाणे ही रागाचीच वाट आहे. तिथून हजारो बंदिशी गेल्या आहेत आणि जातील. पण एखाद्या संगीतकाराने तोच चढ सम टाळून दुसऱ्या मात्रेवर सुरू केला, मध्यमावर तीन मात्रा थांबला, तिथून एकदम षड्जावर उतरला, आणि हाच आकार दुसऱ्या वेळी एका स्वराने वर सरकवून मुखडा पुरा केला, तर ती त्याची चाल झाली. स्वर रागाचे असले, तरी त्यांची निवड, वजन, थांबण्याच्या जागा आणि पुनरावृत्तीची रचना त्याची आहे.

अभंगांच्या बाबतीत हा थरांचा गोंधळ मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले. ते सर्वांचे आहेत. पण त्याच शब्दांना श्रीनिवास खळे यांनी दिलेल्या चाली विसाव्या शतकातल्या आहेत. खळेकाकांचे निधन २०११ साली झाले, त्यामुळे त्या चालींवरचा प्रताधिकार २०७१ अखेरपर्यंत राहील. वारीवरच्या माहितीपटात ‘अभंग तर पारंपरिक आहे’ म्हणून बासरीवर ती चाल वाजवून टाकणे हे विनापरवाना वापरणेच होय, मग त्यात शब्द एकही नसला तरी.

दुसरी पायरी: वर्षांचा हिशोब कागदावर मांडा

भारतात शब्द आणि चाल यांचा प्रताधिकार कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. हिशोब सोपा आहे: निधनाच्या वर्षात ६० मिळवावेत, जे वर्ष येईल त्याच्या ३१ डिसेंबरला हक्क संपतो. १९६५ साली निधन झालेल्या संगीतकाराच्या चाली १ जानेवारी २०२६ पासून मोकळ्या झाल्या. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे मात्र कोणाच्या निधनापासून नव्हे, तर ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजली जातात. कर्ता अज्ञात असेल, तर त्या कृतीची मुदतही प्रसिद्धीपासूनच धरतात. सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा आहे.

१९११ सालच्या ‘मानापमाना’चे उदाहरण घेऊ. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर मूळचे सांगलीचेच. त्यांचे निधन १९४८ सालचे. चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले. आजच्या मुदतीने मोजले, तर शब्द २००९ च्या आरंभी मोकळे झाले आणि चाली २०१६ च्या आरंभी. म्हणजे मधली सात वर्षे शब्द वापरायला हरकत नव्हती, पण चालीबाबत विचारणे भाग होते. आज दोन्ही मोकळे आहेत. मात्र त्याच पदाचे एखाद्या गायकाने १९८० साली केलेले ध्वनिमुद्रण मोकळे नाही, आणि त्या पदाला अलीकडे कोणी केलेले नवे वाद्यसंयोजनही नाही. संयोजन हे कायद्याच्या दृष्टीने चालीचे रूपांतर असते, आणि मूळ चाल मोकळी असली तरी त्यात नव्याने घातलेला भाग नव्या कर्त्याचा राहतो.

याच्या उलट उदाहरण ‘गीतरामायणा’चे. ग. दि. माडगूळकर आपल्या जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे. ते १९७७ साली गेले, म्हणून त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चाली २०६२ अखेरपर्यंत. गावोगावच्या रामनवमीत ही गीते घरच्यासारखी म्हटली जातात, म्हणून ती सर्वांची झाली, असा समज करून घेऊन चित्रपटात वापरू नयेत.

पाश्चात्त्य संगीताचाही हिशोब हाच आहे. मोझार्ट १७९१ साली गेला. सलील चौधरींनी ‘छाया’ या १९६१ सालच्या चित्रपटातल्या एका गाण्यासाठी त्याच्या चाळिसाव्या सिंफनीचा आरंभ घेतला, त्यात कोणाच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता. रिचर्ड श्ट्राउस १९४९ साली गेला, म्हणून भारतात त्याच्या रचना २०१० पासून मोकळ्या आहेत. पण युरोपात मुदत ७० वर्षांची असल्यामुळे तिथे त्या २०२० मध्ये मोकळ्या झाल्या. स्ट्राव्हिन्स्की १९७१ साली गेला, त्यामुळे भारतातही २०३१ संपेपर्यंत थांबावे लागेल. चित्रपट परदेशी महोत्सवात किंवा जगभर दिसणाऱ्या ओटीटी मंचावर जाणार असेल, तर भारतातली मुदत संपली एवढ्यावर भागत नाही. जिथे जिथे तो दाखवला जाणार, तिथली मुदतही पाहावी लागते. आणि रचना मोकळी असली, तरी ज्या वाद्यवृंदाची तबकडी आपण उचलतो तिचे ध्वनिमुद्रण वेगळे तपासावे लागते.

तिसरी पायरी: रेफरन्स ट्रॅकचे शब्दांत भाषांतर करा

पार्श्वसंगीताची बहुतेक नक्कल लबाडीतून होत नाही. ती संकलनाच्या टेबलावर होते. संकलक दृश्य कापताना लयीसाठी एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचे संगीत, म्हणजे रेफरन्स ट्रॅक, खाली ठेवतो, दिग्दर्शक तो तुकडा महिना-दोन महिने रोज ऐकतो, आणि अखेर त्याला ते दृश्य त्या संगीतावाचून कल्पिताच येत नाही. दिग्दर्शक स्टॅन्ले कुब्रिकने ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी संगीतकार ॲलेक्स नॉर्थकडून करवून घेतलेले संपूर्ण संगीत बाजूला ठेवून संकलनाच्या वेळी वापरलेल्या अभिजात रचनाच कायम केल्या, हे सर्वज्ञात आहे. त्याच्यामागे परवानग्यांचा खर्च पेलणारा मोठा स्टुडिओ होता. आपल्याकडे दिग्दर्शक म्हणतो, ‘सर, अगदी असंच हवं, पण हेच नको.’ या एका वाक्यात संगीतकाराची मान अडकते.

एका लघुपटाच्या वेळी माझीही अडकली होती. संकलनात ठेवलेला परदेशी तुकडा मी पंधरा दिवस ऐकला, मग ‘स्वतःची’ चाल केली, आणि लघुपट पूर्ण झाल्यावर एका जाणत्या व्हायोलिनवादकाने ती ऐकताक्षणी मूळ चित्रपटाचे नाव घेतले. मी जाणूनबुजून काही घेतले नव्हते. पण अजाणतेपणाने घडलेली नक्कलही नक्कलच धरली जाऊ शकते. अमेरिकेत १९७६ साली जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्याबाबत न्यायालयाने नेमके हेच म्हटले होते. मला तो विषय पुन्हा करावा लागला आणि ध्वनिमिश्रणाचा खर्च दोनदा झाला. तेव्हापासून मी पुढील पद्धत पाळतो.

रेफरन्स ट्रॅक दिग्दर्शकासोबत बसून एकदाच, फार तर दोनदा ऐकावा, आणि तेव्हा वाद्य हातात नसावे. ऐकता ऐकता तो तुकडा दृश्यात काय काम करतो ते शब्दांत लिहून काढावे: ‘पहिले १४ सेकंद काहीच नाही, आई दार लावते तिथे खर्जातला एक लांब स्वर, संवाद संपेपर्यंत चाल नाही, मुलगा पुलावर येतो तिथे लय दुप्पट नव्हे, पण दाट, शेवटचा स्वर सुटत नाही, लोंबकळत राहतो.’ अशा टिपणात स्वर लिहायचे नाहीत, चाल गुणगुणायची नाही, फक्त वेळ, घनता, सप्तक, पोत, आवाजाची चढ-उतार आणि भाव लिहायचा. या सर्व गोष्टी कोणाच्याही मालकीच्या नाहीत. मग संकलकाकडून रेफरन्स काढून टाकलेली, केवळ संवाद आणि परिसरध्वनी असलेली प्रत मागून घ्यावी आणि दोन-तीन दिवसांनी त्या टिपणावरून काम सुरू करावे.

दिग्दर्शक तरीही हट्ट धरतात. अशा वेळी माझा अनुभव असा, की नकार देण्यापेक्षा लवकर काहीतरी ऐकवणे उपयोगी पडते. त्याच दृश्यावर दोन वेगळे कच्चे आराखडे चार दिवसांत दिले, तर जुन्या तुकड्याची सवय मोडायला सुरुवात होते. महिनाभराने दिलेला एकच पक्का तुकडा मात्र त्या सवयीपुढे हरतो.

चौथी पायरी: झालेली चाल मूळ चालीशेजारी ठेवून तपासा

‘आठ मात्रांपर्यंत चालते’, ‘सात सेकंद घेतले तर गुन्हा नाही’, ‘दोन स्वर बदलले की झाले’ असे नियम आपल्याकडे तोंडातोंडी फिरतात. भारतीय कायद्यात असा एकही आकडा नाही. २००८ साली राम संपत विरुद्ध राजेश रोशन या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयासमोर, संपत यांनी जाहिरातीसाठी केलेली एक छोटी चाल रोशन यांच्या चित्रपटगीतांत घेतली गेली का, हा प्रश्न होता. घेतलेला भाग किती लांब आहे यापेक्षा तो मूळ कृतीचा गाभा आहे का, हे न्यायालयाने महत्त्वाचे मानले आणि ‘क्रेझी ४’ हा चित्रपट ती गाणी ठेवून प्रदर्शित करण्यास मनाई केली; पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटले. मुखड्याचे सहा-सात स्वर हेच जर कृतीचे प्राण असतील, तर तेवढे घेणे म्हणजे सगळे घेणे.

तपासणीसाठी आपल्याजवळ उत्तम साधन आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःची स्वरलिपी घडवली. ती किंवा भातखंड्यांची, जी हाताला बसली असेल ती वापरावी. दोन्ही चाली एकाच षड्जात आणाव्यात, एकाच तालाच्या चौकटीत वर-खाली लिहाव्यात आणि तीन गोष्टी लाल पेन्सिलीने खुणावाव्यात: कोणता स्वर कोणत्या मात्रेवर पडला, थांबण्याच्या जागा कुठे आहेत, आणि चालीचा चढ-उताराचा आकार कुठे जुळतो. त्यातून रागामुळे किंवा ठेक्यामुळे अपरिहार्य असलेली जुळणी वेगळी काढावी. उरलेली जुळणी चार-पाच मात्रांहून अधिक सलग असेल आणि ती मुखड्यातच असेल, तर मी तो तुकडा सोडून देतो. हा माझा हिशोब आहे, कायद्याचा नव्हे, आणि तो मुद्दाम कडक ठेवला आहे.

कागदानंतर कानाची परीक्षा घ्यावी. संगीत न शिकलेल्या दोघांना, काहीही न सांगता, तो तुकडा ऐकवावा आणि ‘काही आठवलं का?’ एवढेच विचारावे. न्यायालयेही सामान्य श्रोत्याच्या कानाला महत्त्व देतात. वाद्य बदलणे, पट्टी बदलणे, लय निम्मी करणे किंवा आघात हलवणे यांनी ओळख पुसली जात नाही; ती पुसायची असेल, तर चालीचा आकारच नव्याने घडवावा लागतो.

पाचवी पायरी: घ्यायचेच असेल, तर कोणाकडून काय मागायचे

काही वेळा मूळ गोष्टच हवी असते आणि ते अगदी रास्त असते. १९७० च्या दशकातल्या कुटुंबाच्या घरात रेडिओवर तेव्हाचेच गाणे लागले पाहिजे. अशा वेळी दोन परवानग्या लागतात: चाल आणि शब्द चित्रासोबत जोडण्याची परवानगी त्या हक्कांच्या मालकाकडून, आणि ध्वनिमुद्रण वापरण्याची परवानगी ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडून. जुन्या चित्रपटगीतांत दोन्ही बहुधा एकाच संगीत कंपनीकडे असतात, पण हे गृहीत धरू नये, लेखी विचारावे. तीच चाल नव्या गायकाकडून गाऊन घेतली, तर दुसरी परवानगी लागत नाही, पहिली लागतेच. जुन्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण पाच वर्षांनंतर ठरावीक रॉयल्टी भरून काढण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती ध्वनिमुद्रणापुरती आहे. चित्रपटात गाणे घालायला तिचा आधार घेता येत नाही.

विनंतीपत्रात चित्रपटाचे नाव, दृश्याचे वर्णन, किती सेकंद वापरणार, शीर्षकात की पार्श्वभूमीत, कोणत्या देशांत, कोणकोणत्या माध्यमांत आणि किती वर्षांसाठी, हे सर्व लिहावे. कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत, असे धरले जाते. नियोजनात यासाठी दोन-तीन महिने ठेवावेत. उत्तर आले नाही म्हणजे संमती मिळाली, असे कधीही समजू नये.

घराण्याच्या बंदिशींबद्दल जास्त सावध राहावे लागते. ‘पोन्नियिन सेल्वन २’ मधल्या एका गाण्याबाबत ध्रुपद गाणाऱ्या डागर घराण्यातर्फे दिल्ली उच्च न्यायालयात दावा झाला. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी ‘शिवस्तुती’ या रचनेचे श्रेय देण्याचा आणि दोन कोटी रुपये जमा करण्याचा अंतरिम आदेश दिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला, कारण रचना सादर केली एवढ्यावरून ती रचली असे ठरत नाही. कोर्टात कोणाची बाजू टिकते हा एक प्रश्न आहे. ज्यांच्याकडून बंदिश आपल्यापर्यंत आली त्यांचे नाव पडद्यावर यावे की नाही, हा दुसरा. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाला कोर्टाची वाट पाहण्याची गरज नाही. गुरूंकडून मिळालेली बंदिश वापरताना त्यांना किंवा त्यांच्या वारसांना विचारावे आणि श्रेयनामावलीत लिहावे.

सहावी पायरी: लोककलावंताचा आवाज घेताना

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या धनगरी ओव्या, गोंधळ्याचे संबळ, हलगीचे ठेके यांचे आकर्षण प्रत्येक तरुण दिग्दर्शकाला असते. परंपरागत ओवीवर कोणाचा प्रताधिकार नाही, पण यात्रेत उभ्या राहून गाणाऱ्या माणसाचा त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे. मोबाइलवर टिपलेला त्याचा आवाज त्याच्या लेखी संमतीशिवाय चित्रपटात घालता येत नाही. संमतिपत्र मराठीत असावे, मोठ्याने वाचून दाखवावे, मानधनाचा आकडा त्यात लिहावा, आणि गाणाऱ्याचे नाव तो स्वतः सांगेल तसे श्रेयनामावलीत घ्यावे. शिवाय ‘ही ओवी कोणाची?’ असे विचारावे. अनेकदा उत्तर येते, ‘माझ्या चुलत्यानं जोडलीया.’ मग ती पारंपरिक राहत नाही. चुलत्यांचे नाव लिहून त्यांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी लागते.

मिरजेसारखे गाव जवळ असताना तयार ध्वनिसंग्रहातला तानपुरा लावणे मला खटकते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे; ते वाद्याच्या नावाचे संरक्षण आहे, त्या वाद्यावर वाजणाऱ्या स्वरांचे नाही. चार जवारीदार तानपुरे स्वतः ध्वनिमुद्रित करून घेतले, तर ते ध्वनिमुद्रण आपले होते आणि दुसऱ्या कोणाच्याही चित्रपटात ते ऐकू येत नाही.

सातवी पायरी: विकतचे आणि फुकटचे तुकडे

‘रॉयल्टी फ्री’ याचा अर्थ पुन्हा पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत एवढाच. प्रताधिकार विकणाऱ्याकडेच राहतो. असा तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा छोटा तुकडा, मुख्य विषयात वापरला, तर तोच लूप दुसऱ्या कोणाच्या संगीतातही असतो, आणि त्याने आधी नोंदणी केली असेल तर यूट्यूबची स्वयंचलित ओळख आपल्यावरच दावा लावते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांत (कर्त्याने ठरावीक अटींवर सर्वांना दिलेल्या खुल्या परवान्यांत) ‘रूपांतर नको’ अशी अट असलेले संगीत चित्राखाली जोडता येत नाही, कारण चालत्या चित्राशी संगीत जुळवणे हेच त्या परवान्याच्या भाषेत रूपांतर आहे. ‘व्यावसायिक वापर नको’ असलेले संगीत तिकिटाच्या किंवा जाहिरातीच्या उत्पन्नाच्या जवळपासही नेऊ नये. डाउनलोडच्या दिवशीचे परवान्याचे पान जपून ठेवावे.

आठवी पायरी: क्यू शीटमध्ये ‘चाल’ हा रकाना

पार्श्वसंगीताच्या प्रत्येक तुकड्याची यादी, म्हणजे क्यू शीट, बहुतेक जण शेवटी आणि मागितली तरच करतात. ती पहिल्या दिवशी उघडावी. नेहमीच्या रकान्यांत क्रमांक, सुरुवातीची व शेवटची वेळ, संगीतकार आणि वादक असतात. मी त्यात आणखी दोन घालतो. एक ‘चाल’: हा तुकडा कुठून आला, राग, लोकचाल, बंदिश, रेफरन्स, काहीही असो. दुसरा ‘परवानगी’: कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदाने. काहीच उसने नसेल, तर ‘स्वतंत्र’ असे लिहावे. रकाना रिकामा ठेवू नये. ‘भीमपलास, रेफरन्सचे फक्त शब्दटिपण, तुलना केली, जुळणी नाही’ अशी एक ओळ पाच वर्षांनी वकिलाच्या टेबलावर फार मोलाची ठरते.

याच नोंदीसोबत पुराव्याची पिशवीही भरत जावी: मोबाइलवर गुणगुणलेली पहिली ध्वनिफीत, संगणकावरच्या सेशनच्या (संगीताच्या कामाच्या फायलीच्या) तारखेनुसार ठेवलेल्या आवृत्त्या, दिग्दर्शकाशी झालेले ईमेल. प्रताधिकार निर्मितीबरोबरच जन्मतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण वादात नोंदणी उपयोगी पडते. संगीतकृतीचे शुल्क ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाचे २,००० रुपये आहे, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. लघुपटाच्या प्रत्येक तुकड्यासाठी हे करू नये. मुख्य विषयापुरते करावे.

नववी पायरी: करार

इथे दोन कलमांकडे विशेष पाहावे. पहिले रॉयल्टीचे. चित्रपटात घेतलेल्या संगीतकृतीचा कर्ता, चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारा वापर सोडून इतर वापरांतून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा सोडून देऊ शकत नाही, असे २०१२ ची दुरुस्ती सांगते. ‘सर्व हक्क एकरकमी दिले’ असे वाक्य करारात असले, तरी हा वाटा जात नाही. तो प्रत्यक्ष हाती यावा म्हणून आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आणि १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद व्हावे आणि आपली क्यू शीट तिथे पोहोचेल असे पाहावे.

दुसरे कलम हमीचे. ‘हे संगीत पूर्णतः मूळ आहे, आणि दावा आल्यास सर्व नुकसान संगीतकार भरून देईल’ असे छापील वाक्य बहुतेक करारांत असते. त्यावर डोळे मिटून सही करू नये. ‘माझ्या माहितीनुसार’ हे शब्द, नुकसानभरपाईला मानधनाएवढी मर्यादा, आणि निर्मात्याने किंवा दिग्दर्शकाने लेखी आग्रह धरून करवून घेतलेल्या साम्याची जबाबदारी त्यांची, एवढे तीन बदल मागावेत. कर्ता म्हणून नाव लागण्याचा नैतिक हक्क प्रताधिकार विकल्यानंतरही उरतो. तरी श्रेय कुठे, कोणत्या शब्दांत आणि कितव्या पाटीवर येणार, ते लिहून घ्यावे.

दहावी पायरी: दावा किंवा नोटीस आली तर

यूट्यूबवरचा स्वयंचलित दावा आणि वकिलाची नोटीस यांत फरक आहे. पहिल्यात यंत्राने ध्वनी जुळवलेला असतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३७ पूर्वीच्या तबकड्यांसारखी, केव्हाच मोकळी झालेली ध्वनिमुद्रणेही एखाद्या कंपनीने नव्याने काढलेल्या संचामुळे अडकू शकतात. अशा वेळी मूळ तबकडीच्या प्रसिद्धीचे वर्ष आणि मुदतीचा हिशोब लिहून हरकत नोंदवावी. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात.

वकिलाची नोटीस आली, तर त्याच दिवशी रागाने फोन करू नये, समाजमाध्यमांवर काही लिहू नये, आणि सेशनच्या फायली हलवू किंवा खोडू नयेत. नोटिशीत कोणता थर सांगितला आहे ते आधी पाहावे: चाल, शब्द, सादरीकरण की ध्वनिमुद्रण. दावेदार खरोखर त्या थराचा मालक आहे का, मुदत चालू आहे का, आणि आपल्या क्यू शीटमध्ये त्या तुकड्यापुढे काय लिहिले आहे, हे तपासून मगच वकिलाकडे जावे. या कायद्यात दावेदाराला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा करता येतो. त्यामुळे आपली चाल मुंबईत कोणी उचलली, तर सांगलीच्या संगीतकाराला दावा सांगलीत दाखल करण्याची वाट मोकळी असते. प्रताधिकार आहे हे माहीत नव्हते आणि तसे मानायला वाजवी कारणही नव्हते, असे प्रतिवादीने सिद्ध केले, तर दावेदाराला मनाईहुकूम आणि झालेला सगळा नफा किंवा न्यायालयाला वाजवी वाटेल तेवढा त्याचा भाग यापलीकडे काही मिळत नाही. मात्र ते सिद्ध करायला नोंदी लागतात.

आणि साम्य खरोखर असेल, तर तो तुकडा बदलण्याची तयारी आधीपासून असावी. म्हणून अंतिम मिश्रण सोपवताना मी मुख्य चाल, आधारस्वर, तालवाद्ये आणि परिसरध्वनी वेगवेगळ्या पट्ट्यांत देतो. चाल तेवढी काढून त्याच जागी दुसरी बसवायला मग एक दिवस पुरतो, आणि चित्रपटाचे प्रदर्शन अडत नाही.